वकिलाच्या कचेरीतील कामाविषयी मित्रास पत्र

राजारामपुरी, कोल्हापूर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. थोरलीला पुण्याच्या एका लॉ फर्ममध्ये दाव्यांच्या विभागात पॅरालीगल (वकिलांच्या कामातील साहाय्यक) म्हणून बोलावणे आले आहे आणि "बी.कॉम. करून पोरीने वकिलाची कारकुनीच करायची का?" असा तुझा प्रश्न आहे. मी स्वतः हेच काम करतो हे ठाऊक असल्यामुळे तू तो प्रश्न बऱ्याच आडवळणाने विचारलास; त्याची काही गरज नव्हती. कारकुनी या शब्दाचा मला राग नाही. नक्कल विभागातला अर्ज कसा भरला म्हणजे तो त्रुटी काढून परत येत नाही, समन्सचा भत्ता वेळेवर भरला नाही तर दावा कसा जागच्या जागी बसून राहतो, हे मला जुन्या कारकुनांनीच शिकवले, आणि त्यांच्यातील काहींना दिवाणी प्रक्रिया संहिता नव्या वकिलांपेक्षा अधिक पाठ होती. पण आमचे काम तेवढ्यावर संपत नाही. बाजू वकील मांडतात; मात्र ती बाजू मुदतीत, पुऱ्या कागदांनिशी आणि मागितल्याबरोबर पान हाती येईल अशा स्थितीत न्यायालयापुढे जाते की नाही, हे आमच्या टेबलावर ठरते.

हे नुसते सांगून तुला पटणार नाही, म्हणून एक प्रकरण सांगतो. पक्षकार ओळखू येणार नाहीत इतका तपशील त्यात मुद्दाम बदलला आहे. एका बाईंनी भावांविरुद्ध वडिलोपार्जित जमिनीच्या वाटपाचा दावा लावला. आम्ही बाईंच्या बाजूने आहोत. भावांनी कैफियतीत (दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात) म्हटले की वाटप १९९८ सालीच तोंडी झाले, त्याचा फेरफारही (महसुली दप्तरातील बदलाची नोंद) झाला, सबब बहिणीला हिस्सा नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली आणि मुलीला मुलाइतकाच सहदायिकीचा, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतःच असणारा, हक्क मिळाला. पण २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेल्या वाटपांना त्या दुरुस्तीने हात लावलेला नाही. तेव्हा सगळा वाद एका तारखेपाशी येऊन थांबतो. वाटप म्हणजे नोंदणीकृत वाटपपत्र किंवा न्यायालयाचा हुकूमनामा, असे त्याच कलमात स्पष्ट केले आहे. आणि तोंडी वाटपाचा बचाव सरसकट मानायचा नाही, सरकारी दस्तांचा भक्कम आधार असेल तरच अपवाद म्हणून मानायचा, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात सांगितले आहे.

हा कायदा आमच्या वकीलसाहेबांना माझ्याकडून ऐकण्याची गरज नव्हती. त्यांना हवे होते ते बाईंनी आणलेल्या कापडी पिशवीत होते: घडीवर फाटलेले सातबारे, ८-अ चे (खातेदाराच्या एकूण जमिनीचे) उतारे, विकास सोसायटीच्या कर्जाच्या पावत्या, आणि तळाशी मोडीतील दोन कागद. प्रत्येक फेरफाराचा क्रमांक, त्याची तारीख, तो कोणत्या कारणाने झाला आणि त्यानंतरच्या सातबाऱ्यावर कब्जेदार सदरी (जमीन ज्यांच्या कब्जात त्यांच्या रकान्यात) कोणाची नावे राहिली, हे मी एकाखाली एक लिहीत गेलो. तेव्हा दिसले की भाऊ ज्याला वाटपाचा फेरफार म्हणत होते ती नोंद वडिलांच्या मृत्यूनंतरची साधी वारस नोंद होती. तिच्यानंतरही जमीन सामाईकच राहिली होती आणि इतर हक्कांत सोसायटीचा जो बोजा चढला तो सर्वांच्या सह्यांच्या कर्जाचा होता. यावरून काय ठरते हे मी लिहिले नाही, तो माझा अधिकार नाही. तारीख, घटना, कागद आणि पान अशी चार रकान्यांची यादी करून त्या तीन ओळींसमोर चिठ्ठ्या लावल्या. पुढे उलटतपासात थोरल्या भावाला त्याच क्रमाने प्रश्न गेले. निकाल अजून लागायचा आहे, त्यामुळे फुशारकी मारायला जागा नाही.

मोडी कागदांचे आपल्याकडे वेगळेच प्रकरण असते. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. त्याआधीचे वतनाचे, इनामाचे, गहाणाचे कागद पाहावे लागले की बऱ्याचदा मोडी वाचणारा जाणकार गाठावा लागतो, त्याच्याकडून देवनागरी लिप्यंतर करून घ्यावे लागते, आणि वाचणाऱ्याला उद्या साक्षीला यावे लागेल हे त्याला आधीच सांगून ठेवावे लागते. ते न सांगितल्यास ऐन वेळी तो गावाला गेलेला असतो.

आता मुदतींविषयी, कारण आमच्या कामात खरा घाम तिथेच निघतो. धनादेश न वटल्याचे साधे प्रकरण घे. बँकेचा मेमो ३ मार्चला मिळाला, तर मागणीची नोटीस ३० दिवसांत, म्हणजे २ एप्रिलपर्यंत पाठवली पाहिजे. समज, ती २० मार्चला पाठवली आणि समोरच्याला २४ तारखेला पोहोचली. त्याला पैसे देण्यासाठी १५ दिवस मिळतात, ते ८ एप्रिलला संपतात. ९ एप्रिलला तक्रारीचे कारण घडते आणि तिथून एक महिन्यात, ९ मेपर्यंत, तक्रार दाखल व्हावी लागते. यात नोटीस पोहोचल्याची तारीख कुठून आणायची? पोस्टाच्या संकेतस्थळावरचा ट्रॅकिंगचा उतारा त्याच आठवड्यात छापून फाइलला लावला तर ठीक, नाहीतर काही काळाने तो तिथे सापडत नाही. तुझी थोरली असल्या बारीकसारीक गोष्टींना कंटाळणारी असेल तर तिने या वाटेला जाऊ नये, हे माझे स्पष्ट मत आहे.

अशा मुदती पुष्कळ आहेत आणि प्रत्येकीचा स्वभाव निराळा आहे. प्रतिवादीची कैफियत ३० दिवसांत यावी, न्यायालयाच्या परवानगीने फार तर ९० दिवसांपर्यंत. समोरच्याला न ऐकता तूर्तातूर्त मनाई (तात्पुरता मनाई हुकूम) मिळाली, की सगळे एकमेकांचे अभिनंदन करीत असतात. त्या वेळी आमच्यातला एक जण प्रतिवादीला कागदपत्रांच्या प्रती रवाना करण्याच्या मागे लागलेला असतो, कारण त्या पाठवल्याचे शपथपत्र त्याच दिवशी किंवा लगेच दुसऱ्या दिवशी दाखल करावे लागते. लवाद निवाड्याला आव्हान द्यायचे तर तीन महिने मिळतात, ९० दिवस नव्हे, आणि सबळ कारण असल्यास आणखी ३० दिवस. त्यापुढे न्यायालयाचाही इलाज चालत नाही. सर्वांत फसवी मुदत मात्र पक्षकाराच्या मृत्यूची. दाव्यातील पक्षकार वारला तर त्याचे वारस ९० दिवसांत अभिलेखावर आणावे लागतात, एरवी त्याच्यापुरता दावा आपोआप संपुष्टात येतो. आणि दुःखात असलेल्या घरातल्या कोणाला वकिलाला फोन करायचे सुचणार? म्हणून आमच्या कचेरीत वयस्कर पक्षकारांच्या घरी दर तारखेआधी एक फोन जातो. काही जण याला नसती चौकशी समजतात; मला तो फोन अत्यंत आवश्यक वाटतो.

गेल्या काही काळात इथले काम एका कारणाने बदलले आहे, ते तुला वर्तमानपत्रातून ठाऊक असेलच. मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सुरू झाले, आणि आपल्या जिल्ह्यासह सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग यांची प्रकरणे सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत चालू लागली. वकील मंडळींनी त्यासाठी कित्येक वर्षे आंदोलने केली. आमच्यापुरते सांगायचे तर गठ्ठे बांधून महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्रभर मुंबईला जाणे संपले, आणि त्याजागी कसबा बावड्यातील जिल्हा न्यायालय आणि भाऊसिंगजी रोड यांच्यामध्ये दिवसभर फेऱ्या सुरू झाल्या. पण खरा फरक भाषेचा आहे. खालच्या न्यायालयात कागद मराठीत, साक्षी मराठीत. उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत, त्यामुळे फेरफारापासून जबाबापर्यंत लागेल त्या प्रत्येक कागदाचे भाषांतर जोडावे लागते. "जमीन पड आहे", "बांध कोरला", "वहिवाट आहे" ही साधी वाटणारी वाक्ये इंग्रजीत नेताना अर्थ जरासा सरकला तरी अपिलात तो मुद्दा होतो. भाषांतर झाल्यावर मूळ आणि तर्जुमा शेजारी ठेवून ओळीओळीने ताडून पाहणे हे काम मी कोणावर सोपवत नाही. शिवाय तारखांचा गोषवारा, अनुक्रमणिका, सलग पानक्रमांक, शोधता येईल अशी पीडीएफ. इतके करूनही कार्यालयाच्या हरकती निघतात, आणि त्या दूर होईपर्यंत प्रकरण बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या यादीत, येत नाही.

मोबाइलमधील पुराव्याबद्दल थोडेसे. पक्षकार व्हॉट्सॲपच्या संवादाचे स्क्रीनशॉट छापून आणतात आणि पुरावा झाला असे समजतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे त्यासोबत दोन भागांचे प्रमाणपत्र लागते, एक भाग उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याचा आणि दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात त्या फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे फाइल जराशी बदलली तरी बदलणारा तिचा ठशासारखा संकेत, नमूद करावे लागते. म्हणून आमचा पहिला निरोप एकच असतो: फोन बदलू नका, काही पुसू नका.

आणि आता जे काम करायचे नाही, ते. पक्षकाराला वकिलांशी बोलायला भीड वाटते, आमच्याशी वाटत नाही. तारीख झाली की जिन्यात गाठून तो विचारतो, "काय वाटतंय साहेब तुम्हाला, लागेल का आपल्या बाजूनं?" त्याची तळमळ समजते, उत्तरही कधीकधी जिभेवर येते, तरी "साहेबांना विचारून सांगतो" याखेरीज बोलायचे नाही. वकिली करण्याचा अधिकार ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ ने सनदधारक वकिलांनाच दिला आहे, आणि सल्ला देणे हा वकिलीचाच भाग आहे. तसेच पक्षकाराने वकिलाला विश्वासाने सांगितलेली गोष्ट उघड न करण्याचे बंधन साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ ने वकिलाच्या कारकुनांवर आणि नोकरांवरही घातले आहे. या गावात ते पाळणे किती अवघड असते ते तुला सांगायला नको; रंकाळ्यावर फिरताना वादी भेटतो आणि प्रतिवादी त्याचा साडू निघतो.

निवाड्यांचे दाखले शोधताना हल्ली नवी पोरे संगणकाला प्रश्न विचारतात आणि तो जे देईल ते टिपणात उतरवतात. असले काही दाखले अस्तित्वातच नसतात. सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे ई-एससीआर या त्या न्यायालयाच्याच संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात. मूळ निवाडा उघडून, परिच्छेद वाचून, तो पुढे फिरवला गेला आहे का हे पाहिल्याशिवाय दाखला साहेबांच्या हाती द्यायचा नाही, हा नियम पोरीने पहिल्या दिवसापासून पाळावा.

तू विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅरा लीगल व्हॉलंटिअरच्या जाहिरातीचे कात्रण पाठवलेस, ते निराळे काम आहे. ते स्वयंसेवक गरजूंना मोफत कायदेशीर मदतीपर्यंत पोहोचवतात. त्याचा या नोकरीशी संबंध नाही. राहता राहिला पुढे वकील होण्याचा प्रश्न. बी.कॉम.नंतर तीन वर्षांच्या एलएल.बी.ची सीईटी तिला देता येईल, पण त्या अभ्यासक्रमाला ७० टक्के हजेरी लागते, त्यामुळे पूर्ण वेळ नोकरी आणि कॉलेज एकाच वेळी साधतील असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नकोस. दोन वर्षे हे काम करून मग कॉलेजला गेली तर इतरांना पुस्तकात भेटणारा दावा तिने आधीच हाताळलेला असेल.

मुलाखतीला गेल्यावर तिने दोन गोष्टी अवश्य विचाराव्यात: आपले काम कोणता वकील तपासणार, आणि कागद वाचायला मिळणार की फक्त स्कॅन करायला. दुसऱ्याचे उत्तर गुळमुळीत आले तर तुझी कारकुनीची शंका त्या जागेपुरती खरी समज.

तोवर तिला एक काम दे. तुझ्या गावाकडच्या जमिनीचे सगळे कागद, आजोबांच्या वेळेपासूनचे, तिच्यापुढे ठेव आणि त्यांची तारीखवार यादी करायला सांग. प्रत्येक ओळीसमोर कागदाचे पान हवे, आणि जिथे कागद नाही तिथे "कागद नाही" असे स्पष्ट लिहिलेले हवे. यादी झाली की मला पाठव. मी लाल शाईने पाहून परत धाडतो.

वहिनींना नमस्कार, धाकट्याला आशीर्वाद.

कळावे,

तुझा जुना वर्गमित्र