सांचिनचं माहेर

प्रिय सच्या,

रविवारी फोनवर तू म्हणालास की क्रेन स्टाइल, म्हणजे करकोच्याच्या चालीवर बेतलेलं चिनी कुंग फू, सगळीकडची एकच, तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय, म्हणून सविस्तर लिहितोय. अरे एक नाही, निदान दोन वेगळी घराणी आहेत, नाव तेवढं सारखं.

पहिलं चीनच्या फुजियान प्रांतातल्या योंगचुनचं. कथा अशी सांगतात की फांग चीन्यांग नावाची मुलगी एका करकोच्याला काठीने हाकलायला गेली, तो काही केल्या हलेना, प्रत्येक वार चुकवायचा, मग वडिलांकडून शिकलेल्या कुंग फूमध्ये तिने त्याची चाल मिसळली. सतराव्या शतकातली गोष्ट म्हणतात, दंतकथाच आहे, पण मला फार आवडते. कोपर आत, हात आखूड, अगदी जवळून लढायचं. पुढे फुजियानमधल्याच फुचौ शहराकडे याच्या शाखा झाल्या, उडणारा क्रेन, ओरडणारा क्रेन, खाणारा क्रेन अशा.

दुसरं चीनच्याच ग्वांगडोंग प्रांतातलं, तिबेटी व्हाइट क्रेन. लामा पाई आणि हॉप गार ही याची सख्खी भावंडं. इथे हात खांद्यापासून लांब फेकतात, फुजियानच्या बरोब्बर उलट! 1954 साली मकावमध्ये ताय चीवाल्या वू गोंगयीशी लढलेला चान हाक-फू याच घराण्यातला.

विंग चुन या दुसऱ्या एका कुंग फू शैलीचं कोडं मात्र वेगळं आहे. योंगचुन आणि विंग चुन ऐकायला जवळजवळ एकच, पण लिहिताना पहिलं अक्षर सहसा वेगळं. नुसत्या नावावरून नातं जोडणं मला पटत नाही, पण आखूड हात आणि आत घेतलेली कोपरं बघितली की चुलत घराणं असावं असंच वाटतं.

आणि आता आपली सांचिन, कराटेतला आपला काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचा क्रम! हिगाओन्ना कानरियो 1870च्या दशकात ओकिनावा बेटावरून फुचौला शिकायला गेला, आपल्या गोजू रियू या कराटे शैलीचं मूळ तिथलं. फुजियानच्या क्रेनमध्येही हाच काता आहे, नावाची अक्षरंसुद्धा तीच, अर्थ तीन लढाया. उएची कानबुन 1897ला फुचौला गेला, त्याच्या उएची रियू या कराटे शैलीत सांचिन अजून उघड्या पंजानेच करतात, आपण मूठ आवळतो.

काल पहाटे गच्चीवर मी मुठी सोडून करून बघितली, पायाची बोटं आत, बोटांची टोकं सरळ पुढे, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा खांदे आपोआप खाली बसले रे. तूही करून बघ आणि लगेच फोन कर, पुढच्या महिन्यात आलास की दोघं मिळून करू.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
अभ्या