तिकोन्यावरच्या सरबतवाल्या मावशींना

मावशी, नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून वर नुसतं 'मावशी'. डिसेंबरातल्या शेवटच्या रविवारी चपेटदान मारुतीच्या अलीकडे, झाडाखाली तुम्ही सरबत विकत होतात. एवढ्या खुणेवर तिकोना पेठेतलं कोणीतरी तुम्हाला हे वाचून दाखवेल अशी आशा आहे. पटत नसेल तर आणखी एक खूण: पाच वर्षांचं पोर, निळी कानटोपी आणि पायरीवर बसून काढलेलं भोकाड.

चूक माझीच. तासाभरात चढून होणारा किल्ला म्हणजे सोपा, असा माझा हिशेब. चढताना तो बरोबरही वाटला. १६६५ च्या पुरंदरच्या तहात जे २३ किल्ले द्यावे लागले त्यांत हाही होता, असं गाडीत सांगितल्यापासून लेकाने तो परत घ्यायचाच असं ठरवलेलं. शेवटच्या पायऱ्या हातापायांवर चढला, त्र्यंबकेश्वरापुढे हात जोडले, पवनेचं पाणी आणि पलीकडचा तुंग बघत माझ्याही वाटणीचा लाडू खाल्ला.

उतरायचं कसं, याचा विचारच मी केला नव्हता. त्या पायऱ्या माझ्या गुडघ्याएवढ्या, म्हणजे त्याच्या कमरेला लागणाऱ्या. चढताना डोळ्यांसमोर दगड असतो, उतरताना थेट दरी. दुसऱ्याच पायरीवर तो बसला तो बसलाच. आधी समजावलं, मग चॉकलेट दाखवलं, मग ओरडले. मागे पंधरा-वीस जण खोळंबलेले, खालून येणारे वेगळेच. कोणीतरी म्हणालं, "अहो, उचला ना त्याला!" आणि मी खरंच उचललं. एका हातात पोर, दुसऱ्या हातात लोखंडी तार. आठवलं की अजूनही पोटात गोळा येतो.

रडणं खाली ऐकू आलं म्हणून तुम्ही दुकान तसंच टाकून वर आलात. "ताई, आधी खाली ठेवा त्याला," हे पहिलं वाक्य. दुसरं मागच्या लोकांना: "थांबा की जरा! गड कुठं पळून चाललाय?" सगळे गप्प झाले, मीसुद्धा.

मला वाटलं, आता तुम्ही त्याला पाठुंगळी घेणार. तुम्ही त्याला हातही न लावता दोन पायऱ्या खाली जाऊन उभ्या राहिलात. "दरीकडं पाठ कर. पोट पायरीला टेकव. हां. आता एक पाय सोड खाली, मी हाय." हवेत चाचपडणारा त्याचा बूट तुम्ही टाचेकडून धरलात, खालच्या पायरीवर टेकवलात आणि वर दोनदा थोपटलंत. हिरव्या बांगड्या किणकिणल्या. "एक." मग दुसरा पाय. मी पुढे सरकले तर म्हणालात, "तुम्ही तिथंच थांबा. तुमच्याकडं बघून घाबरतंय ते."

त्याला तेव्हा वीसपर्यंतच आकडे यायचे. वीस झाले की तुम्ही "परत एकपासून" म्हणायचात. किती वेळा वीस झाले कोण जाणे. दुसऱ्या फेरीपासून थोपटण्याची वाट न बघता तो स्वतःच पाय शोधू लागला. तिसऱ्या फेरीत तुमचा हात त्याच्या टाचेपाशी होता, पण लागत नव्हता. वरून मला ते दिसत होतं, त्याला नाही.

खाली आल्यावर मी पैसे पुढे केले तेव्हा तुम्ही जवळजवळ चिडलात. "सरबताचे घेईन. पोरगं उतरवल्याचे कसले पैशे?" आणि त्याच्या ग्लासात चिमूटभर मीठ जास्त टाकलंत.

आता तो घराचा जिना पाठमोरा उतरतो. शेजारच्या आजी वैतागल्या आहेत, पण त्याचं काय करायचं ते मी बघेन. गाडीत बसल्यावर तो म्हणाला, "आई, सरबत तीन ग्लास झाले. तू दोनचेच दिलेस." मी मोजलं, तर बरोबर होतं. तोवर आम्ही कामशेतला पोचलो होतो.

पावसाळ्यात शेवाळ असतं म्हणतात, तेव्हा त्याला घेऊन येणार नाही. दिवाळीनंतर येतो. एका ग्लासाचे पैसे त्याने स्वतःच्या डब्यात वेगळे काढून ठेवलेत.

तुमची,
निळ्या टोपीवाल्याची आई