वीज पाहिजे तर ओला कचरा वेगळा द्या

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार,

पिंपरी-चिंचवडमधल्या आमच्या मोशीच्या कचरा डेपोवर कचऱ्यापासून वीज बनवायचा प्लांट ऑगस्ट 2023 मधे सुरू झाला. रोज 700 टन सुका कचरा जाळून 14 मेगावॅट वीज, असा तो प्रोजेक्ट आहे. आपल्या गावात झाला याचा मला मनापासून आनंद आहे, पण आपण घरातून काय टाकतोय ते बघून जीव कळवळतो हो.

परवा सकाळी सोसायटीच्या गेटवर मुद्दाम उभी राहिले आणि सुक्याचा डबा बघितला तर दुधाच्या पिशवीत गाठ मारलेला चहाचा चोथा, कॅरीबॅगमधे रात्रीची आमटी भात, फ्लॉवरचे दांडे, आणि त्यातच पुठ्ठा, तोही भिजून लगदा झालेला. गावाकडं चुलीत ओलं लाकूड घातलं की नुसता धूर होतो, भाकरी काही भाजत नाही, बॉयलरचंही तेच आहे, बरीच उष्णता त्यातलं पाणी वाळवण्यातच जाते मग वीज कुठून बनणार?

दिल्लीत तिमारपूरला 1987 साली डेन्मार्कची मशिनरी आणून रोज 300 टनाचा असाच प्लांट उभा केला होता, तो थोडेच दिवस चालला आणि बंद पडला, कारण तिथल्या कचऱ्यात पाहिजे तेवढी उष्णताच निघेना. आपल्याकडं असं होऊ नये एवढीच तळमळ आहे.

भाजीच्या देठांपासून गॅस होतो, खत होतं, भाभा अणुसंशोधन केंद्राचं निसर्गऋण तंत्र त्यासाठीच आहे, मग ते जाळायला कशाला पाठवायचं? आणि बाटल्या, कोरडा पुठ्ठा पण जाळायचा माल नाही, घनकचऱ्याच्या सरकारी नियमातच आहे की जे परत वापरता येत नाही तेच जाळायचं. तो माल कचरावेचक बायकांना मिळू दे, त्यांचं घर त्यावर चालतं.

अजून एक, प्लांटच्या गेटवर मोठा बोर्ड लावा, आज किती कचरा आला, किती युनिट वीज झाली, चिमणीतून काय बाहेर पडलं, राख कुठं गेली, सगळं मराठीत आणि रोजच्या रोज. शेजारी राहणाऱ्यांना हे कळायलाच पाहिजे.

रविवारी आमच्या सोसायटीची मीटिंग आहे, मी माझ्या घरचे तीन डबे खाली नेऊन सगळ्यांसमोर उघडून दाखवणार आहे.

आपली नम्र,
एक वाचक, मोशी