आजीचा फोटो कुणाकडून काढून घ्यायचा?

कोल्हापूर, शिवाजी पेठ

चि. सोनू हीस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेल्या तिन्ही फोटोग्राफरांची पानं चष्मा पुसून पुसून बघितली. फोनवर तू "हो पप्पा, बरं पप्पा" म्हणतेस आणि शेवटी दादा म्हणेल तेच होतं, म्हणून लिहून पाठवतोय.

दुसऱ्याचं नाव आधी काट. त्याच्या पॅकेजमध्ये ड्रोन आहे. आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाला ड्रोन कशाला गं? वरून फोटो काढला की सगळ्यांची टकलं दिसणार, त्यात माझं पहिलं.

उरलेले दोघे बरे वाटतात. पण पानावर सगळेच बरे वाटतात, कारण हजारातले दहा निवडून लावलेले असतात. त्यांना सरळ म्हण, एखाद्या घरच्या कार्यक्रमाचे पहिल्यापासून शेवटपर्यंत गिऱ्हाइकाला दिलेले सगळे फोटो दाखवा. त्या घरच्यांची हरकत नसेल तर दाखवतात. त्यात बघायचं ते म्हातारी माणसं आणि लहान पोरं. नवरा-नवरी काय, कुणीही काढली तरी छान दिसतात. त्या तिसऱ्याच्या पानावर मला चाळिशीच्या पुढचं एक माणूस सापडलं नाही. आपल्याकडं मुख्य माणूसच एक्क्याऐंशीचं.

तू कॅमेरा कोणता, लेन्स कोणती ते विचारत बसलीस. अगं, खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचं स्मारक आहे ना, ते मूकपट काढणाऱ्या बाबूराव पेंटरांच्या कॅमेऱ्यासाठी. ते आधी नाटकाचे पडदे रंगवायचे, कॅमेरा नंतर आला. तेव्हा यंत्राची चौकशी थोडी कमी कर. आणि करायचीच असेल तर अशी कर: एकोणीस माणसं दोन रांगांत बसवली तर मागची रांग पुसट येणार नाही ना? जाणता असेल तो म्हणेल, लेन्सचं छिद्र लहान ठेवतो, एफ आठच्या आसपास, आणि जरा लांब उभा राहतो. जवळ उभं राहून वाइड लेन्सनं सगळ्यांना कोंबणारा नको. कडेची माणसं ताणल्यासारखी दिसतात, आणि कडेला तुझी आत्या उभी राहणार. वर्षभर ऐकून घ्यावं लागेल. एकाच मांडणीचे भराभर दहा-बारा फोटो घेतो का तेही विचार. एवढ्या माणसांत कुणाचे तरी डोळे मिटतातच.

खरी पारख मात्र दुसरीच. तो आपल्याला काय विचारतो ते बघ. "बजेट किती, थीम काय" एवढंच विचारणारा असेल तर राम राम. आजींना किती वेळ बसवतं, कुठल्या कानानं नीट ऐकू येतं, बाळ कधी झोपतं, काठी फोटोत हवी की नको, हे ज्याला विचारावंसं वाटतं तो आपला माणूस. आजीला अर्धा तास बसवतं, त्यापुढं तिचे गुडघे बोलायला लागतात. आधी तिचा एकटीचा, मग तिच्याभोवती सगळे, मग ती आत गेली तरी चालेल. हा क्रम ज्याला सांगावा लागत नाही त्याला दोन पैसे जास्त देऊ.

आता गोंदण. आपल्या गल्लीत एका घरी असाच मोठा फोटो काढून घेतला. आला तेव्हा म्हातारीच्या सुरकुत्या गायब, कातडी मेणाची, आणि त्या साफसफाईत कपाळावरचं गोंदणही गेलेलं. नातवंडंच म्हणाली, ही आजी नव्हे, आजीची धाकटी बहीण. आपल्या आजीच्या कपाळावर ते तीन हिरवे ठिपके आहेत आणि डाव्या मनगटावर तुळस आहे, आता फिकट होऊन नुसत्या रेघा उरल्यात. ते दोन्ही जसंच्या तसं हवं. आधीच सांगून टाक: पोरांच्या तोंडावरची पुटकुळी काढा, आजीला हात लावू नका.

ती गळ्यात कोल्हापुरी साज घालणार, नऊवारी नेसणार आणि चष्माही काढणार नाही. समोरून थेट फ्लॅश मारला तर साजाच्या पानड्यांचे नुसते पांढरे डाग येतील आणि चष्म्यात दिवा दिसेल. प्रकाश बाजूनं, फोटोग्राफरच्या दिव्यावरच्या छत्रीतून किंवा भिंतीवरून यायला हवा. त्याच्याकडं दागिने घातलेल्या बायकांचे फोटो असतील, तेवढे मोठे करून बघ. सोनं सोन्यासारखं दिसतंय का ते लगेच कळतं.

जागेवरून दादाचं आणि माझं वाजलंय. त्याला रंकाळा पाहिजे, संध्याकाळी. त्याला म्हणावं, चौपाटीवर तळ्याकडं पाठ करून उभं राहिलास की मावळता सूर्य शालिनी पॅलेसकडून थेट कॅमेऱ्याच्या डोळ्यात. मागं आभाळ झकास, पुढं तोंडं काळी. फ्लॅश लावून ते सावरता येतं, पण दिवाळीच्या सुट्टीतली गर्दी कशी सावरणार? मागं भेळ खाणारी चार माणसं कायमची आपल्या घरात टांगलेली राहतील. पन्हाळ्याचं तर नावच नको, आजीला वीस किलोमीटर न्यायचं आणि वर घाट चढवायचा म्हणजे.

त्यापेक्षा आपल्या घराचा सोपा, म्हणजे ओसरी, बरा. उत्तरेला उघडा आहे, दिवसभर ऊन थेट आत येत नाही, सकाळी दहाला तिथं असा मऊ उजेड असतो की वेगळे दिवे नकोत. आजी तिथंच बसून गहू निवडते. स्वतःच्या जागेवर ती जशी बसते तशी दुसरीकडं बसणार नाही.

पैशाचं तोंडी ठेवू नको. किती तास, किती फोटो दुरुस्त करून देणार, अल्बम त्यातच की वेगळा, आगाऊ किती आणि सगळं हातात कधी, हे व्हॉट्सअॅपवर का होईना, लिहून घे. फोटो मात्र व्हॉट्सअॅपवर घ्यायचे नाहीत, तिथं ते आकसतात. पेन ड्राइव्हवर पूर्ण आकाराचे माग. बारा बाय अठरा इंचांचा नीट छापायचा तर साधारण 3600 बाय 5400 पिक्सेल लागतात. आणि त्यांच्या छापील फॉर्मवर डोळे झाकून सही करू नकोस. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या 17 व्या कलमाप्रमाणं, पैसे देऊन आपण काढून घेतलेल्या फोटोचे पहिले मालक आपणच, वेगळा करार केला नसेल तर. तो वेगळा करार फॉर्मच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात असतो. आजीचा फोटो त्यानं आपल्या जाहिरातीत लावायचा की नाही ते आजी ठरवेल. माझा अंदाज आहे, ती हो म्हणेल, वर किती लोकांनी बघितला तेही विचारेल.

फ्रेम मी इथं करून घेतो. काच आणि फोटो यांच्यामध्ये माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, घालूनच. आजोबांचा फोटो बघितलास ना, पावसाळ्याच्या ओलीनं काचेला चिकटला आणि काढताना अर्धी मिशी काचेवर राहिली.

पहिल्याला उद्या फोन कर आणि रविवारी घरी चहाला बोलाव. सोपा बघून जाऊ दे, आजीशी दहा मिनिटं बोलू दे. तिला पटला तर आगाऊ मी देतो. सगळ्यांनी एकसारखे पांढरे कपडे घालायची टूम वहिनीनं काढली आहे, ती तूच मोड, माझं ऐकणार नाही. जावईबापूंना सांग, तो बारीक रेघांचा शर्ट नको, फोटोत रेघा थरथरतात. साधा एकरंगी आणा म्हणावं.

आईनं चिवड्याला पोहे किती घेऊ विचारलंय, ते कळव.

तुझे,
पप्पा