‘महागाई घटली’ आणि घरातला हिशेब

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रिझर्व्ह बँकेचे पतधोरण जाहीर होते, त्या सुमारास बँकेच्या कुटुंब-सर्वेक्षणांचे निष्कर्षही संकेतस्थळावर येतात. रेपो दराला पहिले पान मिळते आणि सर्वेक्षण ‘ग्राहकांचा विश्वास वाढला’ एवढ्या ओळीत आटोपते. त्या ओळीने वाचकाची दिशाभूल होऊ शकते, म्हणून हे पत्र.

ग्राहक-विश्वासाच्या शहरी सर्वेक्षणात मुंबई, नागपूरसह १९ शहरांतील सुमारे सहा हजार कुटुंबांना विचारले जाते : वर्षभरापूर्वीच्या तुलनेत आर्थिक परिस्थिती, रोजगार, भाव, उत्पन्न आणि खर्च यांचे काय झाले? प्रत्येक प्रश्नात ‘सुधारले’ म्हणणाऱ्यांच्या टक्केवारीतून ‘बिघडले’ म्हणणाऱ्यांची टक्केवारी वजा करतात, पाचही वजाबाक्यांची सरासरी काढतात आणि तीत १०० मिळवतात; हाच ग्राहक-विश्वासाचा निर्देशांक. आकडा १०० च्या खाली म्हणजे निराशेचे पारडे जड. मे २०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, तो ४८.५ वर आला होता.

मेख आहे ती खर्चाच्या प्रश्नात. ‘भाव वाढले’ हे उत्तर निर्देशांक खाली ओढते, तर ‘खर्च वाढला’ हे उत्तर त्याला वर ढकलते. तूरडाळ आणि तेल महागल्याने ज्या घराचे किराणा बिल फुगले, त्याचे उत्तरही ‘खर्च वाढला’ असेच नोंदले जाते. म्हणूनच बँक अत्यावश्यक आणि अन्य खर्चाचे तक्ते वेगळे देते. लोकांचा हात खरोखर सैल झाला आहे का, हे अन्य खर्चाच्या तक्त्यावरून कळते. बातमीत नेमका तोच नसतो.

कुटुंबांना महागाई किती जाणवते, हे विचारणाऱ्या बँकेच्या दुसऱ्या सर्वेक्षणातील तफावत तर ठळक आहे. २०२३-२४ मध्ये किरकोळ महागाईचा सरासरी दर ५.४ टक्के होता, तेव्हा कुटुंबांना जाणवणारी महागाई आठ टक्क्यांच्या आसपास होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये सरकारी दर ०.२५ टक्क्यांवर उतरला, तरी कुटुंबांचे उत्तर सहा टक्क्यांच्या खाली आले नाही. याला लोकांचे अज्ञान म्हणणे मला अन्यायाचे वाटते. दर घटला म्हणजे भाव उतरले असे नव्हे. १०० रुपयांची वस्तू आधी आठ आणि मग दोन टक्क्यांनी महागली, तर ती ११० रुपये १६ पैशांना मिळते, आणि घर चालवणाऱ्याच्या डोक्यात तुलना असते ती जुन्या शंभराशी. दूध, भाजी रोज घ्यावी लागते, त्यामुळे त्यांचे भाव पाठ असतात. जुलै २०२३ मध्ये अनेक शहरांत टोमॅटो किलोला दोनशे रुपयांवर गेले होते, ते विसरायला एक स्वस्त हंगाम पुरत नाही. शिवाय किरकोळ महागाई ज्यावरून मोजतात त्या ग्राहक किंमत निर्देशांकात घरकर्जाचा हप्ता धरलेलाच नसतो, आणि शिक्षणाला २०१२ हे आधारवर्ष धरलेल्या त्याच्या मालिकेत सुमारे साडेचार टक्केच वजन होते. दोन मुलांची खासगी शाळेची फी आणि हप्ता भरणाऱ्या घराचा स्वतःचा निर्देशांक त्यामुळे सरकारी आकड्याहून बराच वेगळा निघतो.

शहरनिहाय निष्कर्ष काढताना तर फारच जपावे. यादृच्छिक निवडीच्या एक हजार उत्तरांत सुमारे तीन टक्के-बिंदू इकडे-तिकडे होतात, अडीचशे उत्तरांत सहा. एखाद्या शहरात ‘नोकरीची स्थिती बिघडली’ म्हणणारे ३२ वरून ३४ टक्के झाले, यावर मथळा होऊ शकत नाही. मोबाइलवर लिंक पाठवून घेतलेल्या कौलाला तर ही गणितेही लागू नाहीत, कारण तिथे ज्याला वाटेल तोच उत्तर देतो.

आपल्या दैनिकाने अशा प्रत्येक बातमीखाली किती जणांना विचारले, कोणत्या तारखांना, प्रश्नाचे नेमके शब्द काय होते आणि ‘सांगता येत नाही’ म्हणणारे किती, एवढे छापावे ही विनंती. त्याला चार ओळींची जागा पुरते.

आपला,
संख्याशास्त्राचा एक अध्यापक, पुणे