बॉनेट कापले आहे, पण आधी पूर्ण पत्र वाचा

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना साष्टांग नमस्कार.

ही गोष्ट फोनवर सांगितली असती तर बाबांनी पहिल्या वाक्यालाच फोन आईच्या हातात दिला असता, म्हणून पत्र लिहीत आहे. लँड क्रूझरच्या बॉनेटला खिडकी कापून त्यावर स्कूप, म्हणजे समोरची हवा आत घेणारे उंच तोंड, बसवला आहे. काम झालेले आहे, त्यामुळे हे विचारणे नसून कळवणे आहे. दादाने मोटारसायकलचा सायलेन्सर कापला तेव्हाचा घरातला अबोला मला चांगला आठवतो, म्हणून दुसरी गोष्टही लगेच सांगते. मागच्या खेपेला बाबांनी ज्या बॉनेटला पॉलिश केले होते, त्याला करवत लागलेली नाही. मोडीत काढलेल्या गाड्यांच्या यार्डातून मी दुसरे बॉनेट आणले आणि ते कापले. मूळचे बॉनेट जुन्या रजईत गुंडाळून गॅरेजमध्ये उभे ठेवले आहे. मनात आले तर चार बोल्ट काढून पुन्हा बसवता येईल.

बाबा म्हणतील की जे कंपनीने दिले नाही ते आपण कशाला लावायचे? ही गाडी 1994 सालची आहे. तिच्या 4.2 लिटरच्या सहा सिलिंडरच्या डिझेल इंजिनाला टर्बो आहे, पण इंटरकूलर, म्हणजे टर्बोची हवा थंड करणारी जाळी, नाही. टर्बो हवा दाबतो आणि दाबलेली हवा तापते. ट्रेलर ओढत चढ चढताना ती शंभर अंशांच्या आसपास जाते आणि तशीच सिलिंडरमध्ये शिरते. गरम हवा विरळ असल्याने इंजिनाला प्राणवायू कमी मिळतो आणि एक्झॉस्टचे तापमान वाढत जाते. इंटरकूलर लावला की ही हवा आधी थंड आणि दाट होते. तो रेडिएटरच्या पुढेही बसवता आला असता, पण मग रेडिएटरच्या वाट्याची हवा अडली असती आणि लांबलचक पाइप फिरवावे लागले असते. इंजिनाच्या वर बसवला की पाइप आखूड राहतात. मात्र त्याच्या जाळीतून हवा वरून खाली वाहायला हवी आणि त्यासाठी बॉनेटला तोंड हवेच. येथे ऑस्ट्रेलियात कित्येक गाड्यांवर खाली भोकसुद्धा न पाडता नुसता चिकटवलेला स्कूप दिसतो. तसला दिखाऊपणा तुमच्या मुलीने केलेला नाही.

कापण्याआधी पुठ्ठ्याचा साचा करून माप घेतले, बॉनेटच्या खालच्या आधारपट्ट्या शक्य तेवढ्या वाचवल्या, पत्रा कोपऱ्यातून चिरू नये म्हणून चारही कोपऱ्यांना आधी गोल भोके पाडली आणि मगच करवत चालवली. कडा कानशीने घासून त्यांवर गंजरोधक प्राइमर लावला. आई, आता तू हसशील. बॉनेट बंद केल्यावर इंटरकूलर आणि स्कूप यांच्यामध्ये किती जागा उरते हे वरून दिसत नाही, म्हणून मी इंटरकूलरवर चक्क कणकेचे गोळे ठेवले, बॉनेट लावले, पुन्हा उघडले आणि चपटे झालेले गोळे पट्टीने मोजले. इंजिन ताण आला की आपल्या माउंटिंगवर हलते आणि बॉनेट जागच्या जागी राहते, म्हणून मधली फट मऊ स्पंजच्या पट्टीने बंद केली आहे. ती पट्टी नसेल तर हवा जाळीतून न जाता बाजूने निसटते.

पाऊस आत जाईल ही शंका बाबा काढणारच. पाणी पडेल ते इंटरकूलरच्या बाहेरच्या पात्यांवर. इंजिन श्वास घेते तो छताजवळच्या स्नॉर्केलमधून, म्हणजे वर नेलेल्या हवेच्या नळीतून. गाडी उभी असताना खालच्या उष्णतेने इंटरकूलर तापतो हे मात्र खरे, म्हणून त्याच्याखाली विजेचा पंखा बसवला आहे. स्कूपची उंची बेताची ठेवली आहे, समोरचा रस्ता झाकला जात नाही, कडा गोल आहेत आणि विमा कंपनीला लेखी कळवले आहे. इंजिनाची बिग एंड बेअरिंगही, म्हणजे पिस्टनचे दांडे क्रँकशाफ्टला जोडतात तिथली बेअरिंग, बदलून घेतली आहेत.

लहानपणी थंडीच्या पहाटे बाबा मला एस.टी.च्या केबिनमधल्या बॉनेटवर पोते टाकून बसवायचे आणि मी त्या उबेत सांगली यायच्या आत झोपून जायची. इंजिनाची उष्णता मला तेव्हापासून आपलीशी वाटते. पण बाबा, जुलैमध्ये गिब रिव्हर रोडवर तुम्ही दोघे मागे बसलेले असताना ती वाढलेली मला चालणार नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेतल्या डर्बीपासून कुनुनुराकडे जाणारा हा सुमारे 660 किलोमीटरचा, बहुतांशी कच्चा रस्ता आहे आणि दोन वस्त्यांमधले अंतर फार आहे. नवी गाडी घे, हा तुमचा सल्ला मी मानला नाही, कारण या गाडीचा प्रत्येक नट मला माहीत आहे आणि इतक्या आडवळणी रस्त्यावर मला तिचाच भरवसा वाटतो.

तुम्हाला कसलाही त्रास होणार नाही. पर्थहून ब्रूमपर्यंत तुम्ही विमानाने यायचे, गाडी मी आधी नेऊन ठेवीन. आईच्या गुडघ्यांसाठी पायरी आणि हातात धरायला दांडा लावला आहे. मागची सीट बदलली आहे, एसी उत्तम चालतो, रात्री ट्रेलरमध्ये गादीचा पलंग असेल आणि चहाचे आधण सकाळी सहाला चढेल. सॅटेलाइट फोन बरोबर राहील आणि त्या भागात फ्लाइंग डॉक्टरांची विमानसेवाही आहे.

आता माझे ऐका. बाबांनी ई.सी.जी. आणि रक्ताच्या तपासण्या या महिन्यातच करून घ्याव्यात, रक्तदाबाची गोळी "बरे वाटते" म्हणून बंद करू नये आणि आईने रोज अर्धा तास चालावे. गच्चीतल्या फेऱ्या धरल्या जाणार नाहीत. डॉक्टरांनी नको म्हटले तर मनाला लावून घेऊ नका, आपण पर्थजवळच चार दिवस फिरू. तपासणीचे कागद मला पाठवा, ते पाहूनच मी तिकिटे काढीन.

स्कूपला अजून रंग दिलेला नाही. बाकीच्या गाडीसारखा पांढरा द्यावा की ऊन डोळ्यांवर चमकू नये म्हणून मॅट काळा, हे बाबांनी ठरवून कळवावे.

तुमची,
मनू