विडीला पट्टी आहे, मग याला का नाही?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सध्या लागलेल्या एका सायकॉलॉजिकल थ्रिलरबद्दल लिहितेय. पिक्चरचं नाव मुद्दाम घेत नाही, नाव घेतलं की उद्या चार पोरं जास्तच जातील बघायला. पिक्चर वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाही, उलट कामं सगळ्यांची जबरदस्त झालीयत आणि म्हणूनच जास्त त्रास झाला. सर्टिफिकेट यूए १६+. आणि रविवारच्या शोला माझ्या पुढच्याच रांगेत दुसरी-तिसरीतली दोन पोरं, पॉपकॉर्न घेऊन.

त्यात मारामारी जवळजवळ नाहीच, रक्त म्हणाल तर दोन थेंब. आई मुलीला खोलीत कोंडून ठेवते, ओरडत नाही, हात उगारत नाही, रोज आवडीचं जेवण ताटात वाढते आणि केसांना तेल लावता लावता हळू आवाजात सांगत राहते की तुझे बाबा तुझ्यामुळे गेले. हे असं बराच वेळ चालतं. मग एके दिवशी ती पोरगी बाथरूमचं दार लावते आणि स्वतःच्या हातावर जे करते त्यावरून कॅमेरा हलतच नाही. पुढच्या रांगेतल्या त्या धाकट्याने आईला विचारलं, ती असं का करते? आई म्हणाली, गप बघ.

आता गंमत बघा, त्याच पिक्चरमध्ये मामा व्हरांड्यात सिगारेट पेटवतो तेव्हा खाली धूम्रपान हानिकारकची पट्टी हजर! सुरुवातीला आणि मध्यंतराला तंबाखूची जाहिरात पण. २०१२ पासून हे सगळं सक्तीचं आहे, आणि चांगलंच आहे. पण पोरगी स्वतःला इजा करते तेव्हा पडद्यावर एक अक्षर नाही.

ए सर्टिफिकेट असतं तर १८ च्या खालच्याला आत सोडणं कायद्याने गुन्हा झाला असता. पण यूएमधले हे ७+, १३+, १६+ आकडे २०२३ च्या दुरुस्तीने आले ते फक्त आईबापांना सल्ला म्हणून, दारावर कोणी अडवत नाही कारण अडवायचा नियमच नाही. ठीक आहे, निर्णय आईबापांनी घ्यायचा म्हणता ना, मग त्यांना आत काय आहे ते कळू तरी द्या. हाच पिक्चर उद्या ओटीटीवर आला की २०२१ च्या नियमांप्रमाणे सुरुवातीलाच वयाबरोबर कशामुळे ते पण लिहावं लागेल, आणि १३+ व त्यावरच्याला असते तशी पॅरेंटल लॉकची सोय द्यावी लागेल. म्हणजे घरी फुकटात बसलेल्याला जास्त माहिती आणि तिकीट काढून गेलेल्याला नुसता आकडा (पॉपकॉर्नचा भाव तेवढा मोठ्या अक्षरात).

काही जण म्हणतील आम्ही लहानपणी देवळातल्या काल्याच्या खेळात संकासूर राक्षसाला बघून घाबरायचोच की, काय झालं आम्हाला? अहो संकासूर दिसायलाच संकासूर, अंगभर काळं घालून नाचणार, आणि सकाळी तोच माणूस देवळाबाहेर चहा पिताना दिसायचा. इथे भीती तेल लावणाऱ्या आईची आहे. घरी जाऊन पोराला त्याच हातचं जेवायचंय.

बंदी घाला, कात्री लावा असलं काही मी मागत नाही. गोव्यात २००४ पासून इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, होतो, त्यात याहून भयानक पिक्चर लोक रांग लावून बघतात, मी पण बघते, पण तिथे आलेला माणूस शेड्यूल वाचून, कशाला बसतोय हे ठरवून आलेला असतो. रविवारी पाऊस आहे, पोरं कंटाळलीयत, चला पिक्चरला, असं म्हणून निघालेल्या घराचं तसं नसतं.

माझी मागणी एवढीच की तिकिटाच्या खिडकीवर आणि बुकिंगच्या ॲपवर वयाच्या आकड्यासमोर कारण लिहा, मराठीत आणि कोंकणीत, "मुलाचा मानसिक छळ, स्वतःला इजा" असं सरळ. आणि असल्या पिक्चरच्या शेवटी, लाईट लागायच्या आधी, टेली मानसचा १४४१६ नंबर दाखवा, मानसिक आरोग्यासाठीची सरकारचीच हेल्पलाईन आहे. पट्टीची जागा तर पडद्यावर आधीपासून आहेच.

आपली,
एक प्रेक्षक, फोंडा